हिरव्या बनातीचं दार

मंडळी, लंडनच्या बेलग्रेव्हियातल्या एका श्रीमंत घराची घंटा वाजते. साल 1903. दार उघडतो हडसन, त्या घराचा बटलर. पायरीवर कामाच्या शोधात आलेली एक मुलगी उभी आहे. हडसन तिला तिथूनच परतवतो आणि तळघराच्या दाराकडे पाठवतो. मग मालकीणबाई, लेडी मार्जरी, तिला नाव विचारतात. ती म्हणते, क्लेमांस. मोलकरणीला असलं नाव शोभत नाही, असं बाई ठरवतात आणि तिची सारा होते.

‘अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स’ या ब्रिटिश मालिकेचा हा पहिला भाग, 1971 सालचा. आपल्याकडे ताटातल्या तांदळात अंगठीने लिहून सुनेचं नाव बदलत असत. त्यात निदान कौतुक आहे असं म्हणायची सोय होती. इथे तेवढीही नाही. मला हा प्रसंग मालिकेतल्या सगळ्या मृत्यूंपेक्षा जास्त लागतो.

ही कल्पना जीन मार्श आणि आयलीन अ‍ॅटकिन्स या दोन अभिनेत्रींची. दोघी साध्या घरांतल्या, चाकरीचं जग घरातूनच कानावर आलेल्या. त्यांनी आधी योजलेलं नाव होतं ‘हिरव्या बनातीच्या दारामागे’. मोठ्या घरांत मालकांचा भाग आणि नोकरांचा भाग यांच्यामधल्या दाराला हिरवी बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, ठोकलेली असे. भांड्यांचा आवाज, स्वयंपाकाचा वास, माणसांचं बोलणं पलीकडे जाऊ नये म्हणून. त्या काळी इंग्लंडमध्ये पोटासाठी राबणाऱ्या बायकांपैकी सर्वांत जास्त बायका घरकामातच होत्या. एवढ्या बायकांचा आवाज त्या बनातीने अडवून धरला होता. या दोघींनी ते दार उघडलं. मार्श स्वतः रोझ झाली, घरातली जुनी मोलकरीण. साराचं काम अ‍ॅटकिन्सनेच करायचं होतं, पण ती रंगभूमीवर अडकलेली. ते पॉलीन कॉलिन्सकडे गेलं.

सुरुवातीचे काही भाग कृष्णधवल आहेत. रंगीत यंत्रणेवर काम करायचं तर जादा पगार द्या, म्हणून तंत्रज्ञ अडून बसले होते. कष्टकऱ्यांवरच्या मालिकेला कष्टकऱ्यांच्याच भांडणाची ही खूण राहिली, याचा मला आनंद वाटतो.

पुढे 2010 मध्ये ‘डाउन्टन अ‍ॅबी’ ही अशीच मालक-नोकरांची ब्रिटिश मालिका आली. देखणी आहे, मीही आवडीने पाहिली. पण तिथले उमराव फार समजूतदार आहेत. नोकराचं दुःख बहुतेकदा मालकाच्या चांगुलपणाने मिटतं. आधीच्या मालिकेत तसं होत नाही. रोझचा नियोजित नवरा पहिल्या महायुद्धात मारला जातो, त्याचे पैसे तिला मिळतात. ते ती विश्वासाने घरच्या मुलाच्या, जेम्सच्या हाती देते. 1929 मध्ये शेअर बाजार कोसळतो आणि सगळं जातं. जेम्सने लबाडी केलेली नाही, उलट तो शरमेने जीव देतो. पण रोझची आयुष्याची पुंजी गेली ती गेलीच. वरच्या मजल्याचा चांगुलपणा खालच्या मजल्याला केवढ्याला पडतो, हे मी दुसऱ्या कुठल्या मालिकेत इतकं स्पष्ट पाहिलेलं नाही.

अडुसष्टाव्या, शेवटच्या भागात घर विकायला निघतं. हडसन आणि स्वयंपाकीण मिसेस ब्रिजेस लग्न करून जातात. रोझ एकटी रिकाम्या खोल्यांमधून फिरते आणि तिला गेलेल्या माणसांचे आवाज ऐकू येतात, वरच्यांचे आणि खालच्यांचेही.