झुंड, जमाव आणि ‘शाही’

नमस्कार श्रोतेहो. शाळेत आपण समूहदर्शक शब्द घोकले होते. पक्ष्यांचा थवा, गुरांचा कळप, लमाणांचा तांडा, आणि माणसांचा जमाव. मग या जमावाचं राज्य आलं की आपण ‘झुंडशाही’ का म्हणतो? झुंड म्हटली की डोळ्यांपुढे पिसाळलेली कुत्री येतात, म्हणूनच.

‘जमाव’ हा पोलिसी शब्द. पाच किंवा अधिक माणसं गैर उद्देशाने जमली की कायद्याने तो बेकायदेशीर जमाव. झुंडीची अशी मोजणी नसते.

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या पॉलिबिअस या ग्रीक इतिहासकाराकडेही असे दोन शब्द होते. लोक म्हणजे ‘डेमोस’, नुसती गर्दी म्हणजे ‘ओख्लोस’. लोकशाही नासली की तिची ‘ओख्लोक्रातिया’ होते, असं तो म्हणे. माणसं तीच, बरं का!

आपल्याकडे या शब्दाला भावंडंही आहेत. हुकूमशाहीत एकाची मनमानी. बेबंदशाहीत कुणाला धरबंद नाही. झोटिंगशाही तर थेट भुताच्या नावाची! झुंडशाहीत मनमानी सगळ्यांची, आणि विचारायला गेलं तर ‘मी फक्त बघत होतो.’

हल्ली मात्र दुसऱ्याचा मोर्चा निघाला की ती झुंडशाही, आपला निघाला की जनआक्रोश. मला हे पटत नाही. रस्ता अडला, घोषणा झाल्या, त्रास झाला, तरी तेवढ्याने झुंडशाही होत नाही. गर्दीच फिर्यादी, गर्दीच न्यायाधीश आणि शिक्षा देणारीही गर्दीच, तिथे हा शब्द वापरावा.

धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ ला तेच झालं. बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय ही अफवा मोबाइलवरून आधीच पोचलेली. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण गर्दीच्या हाती सापडले. त्याच महिन्यात, १७ तारखेला, दुसऱ्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की झुंडशाहीला देशाच्या कायद्यावर कुरघोडी करू देता येणार नाही. पुढे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. जात, भाषा, समाज अशा कारणांवरून गटाने केलेल्या खुनासाठी तिच्यात वेगळी तरतूद आहे. तिथेही मोजणी पुन्हा पाचापासूनच.

राईनपाड्याचे ते पाच जण रानात किंवा आडरस्त्याला मारले गेले नाहीत. त्यांना कोंडून मारलं ती खोली ग्रामपंचायतीच्या कार्यालयाची होती.

नमस्कार.