टाइनकाठची इंग्रजी

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातून निघालेली गाडी सुमारे तीन तासांनी टाइन नदी ओलांडू लागते, तेव्हा उजव्या हाताला 1928 साली खुल्या झालेल्या टाइन ब्रिजची लोखंडी कमान दिसते आणि पलीकडच्या काठावर न्यूकॅसल शहर सुरू होते. गाडीतली ध्वनिमुद्रित उद्घोषणा इथपर्यंत शब्दन् शब्द समजलेली असते. अडचण फलाटावर उतरल्यावर, पहिल्या माणसाशी बोलताना येते. महाराष्ट्रातून इथल्या विद्यापीठांत शिकायला येणारे विद्यार्थी इंग्रजीची परीक्षा चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होऊन आलेले असतात; तरीही इथल्या बोलण्याचा, म्हणजे जॉर्डी बोलीचा, कान लागायला त्यांना वेळ लागतो.

हे ग्रेंजर मार्केट. 1835 साली बांधलेल्या या छपरी मंडईत खाटीक, भाजीवाले आणि बेकरीवाले शेजारी शेजारी बसतात. बेकरीच्या काउंटरवर रचून ठेवलेल्या गोल, चपट्या, जाडसर पावाला स्टॉटी म्हणतात. तो मधोमध कापून त्यात हॅमचे काप घालतात आणि वाळलेल्या पिवळ्या वाटाण्याचे घट्ट शिजवलेले पीज पुडिंग फासतात. रांगेतला एकटा माणूस 'गिव्ह अस अ स्टॉटी' म्हणतो, तेव्हा त्याला एकच स्टॉटी स्वतःसाठी हवी असते. आपल्याकडेही एकटा माणूस 'आम्हाला एक चहा द्या' म्हणतोच, त्यामुळे मराठी माणसाला यात फारसे नवल वाटू नये. काउंटरमागची बाई गिऱ्हाइकाला 'पेट' किंवा 'हिनी' म्हणते, आणि त्यात सलगीपेक्षा साधा जिव्हाळा असतो.

पाहुण्याला वाटते की आपले अनोळखी शब्दांवर अडते. शब्दांचे ओझे खरे तर हलके आहे, कारण मुलाला 'बेर्न' आणि जाण्याला 'गॅन' म्हणतात हे दोन दिवसांत अंगवळणी पडते. कानाला चकवतो तो हेल. जॉर्डी बोलणारा साधे विधान करतानाही वाक्याच्या शेवटी आवाज वर नेतो. मेट्रो पाच मिनिटांत येईल, एवढेच तो सांगत असतो. पण ऐकणाऱ्याला तो प्रश्न वाटतो आणि तो उगाचच 'येस' म्हणून मान डोलावतो. त्यातच 'पेपर', 'सिटी' अशा शब्दांतले मधले प आणि ट उच्चारताना घसा क्षणभर आवळला जातो, त्यामुळे शब्द मध्येच तुटल्यासारखा ऐकू येतो.

मग येतात स्वर. 'फेस' हा शब्द 'फिअस'च्या जवळ जातो. जुन्या, ठसठशीत बोलीत तर 'वर्क'चा उच्चार आपण 'वॉक' म्हणतो तसा होतो आणि चालण्याचा 'वॉक' 'वाक'कडे सरकतो. काम आणि चालणे यांच्या या अदलाबदलीवर इथले लोक स्वतःच विनोद सांगतात. शाळेत प्रत्येक र खणखणीत उच्चारायला शिकलेल्या आपल्या कानाला तो हरवलेला र सतत शोधावासा वाटतो.

या उच्चारांना बिघडलेली इंग्रजी समजणे मात्र इतिहासाला धरून नाही. इंग्रजीतले दीर्घ स्वर साधारण पंधराव्या शतकापासून बदलत गेले. दक्षिणेत 'टून'चा 'टाउन' आणि 'हूस'चा 'हाउस' झाला, पण तो बदल उत्तरेच्या या टोकापर्यंत पोहोचला नाही. न्यूकॅसलचा म्हातारा आपल्या शहराला 'टून' म्हणतो तेव्हा तो जुनाच उच्चार करत असतो, आणि पाठ्यपुस्तकातला 'टाउन' त्या मानाने अलीकडचा आहे.

इतिहास असा असला तरी प्रतिष्ठा दक्षिणेकडेच गेली, आणि त्याची किंमत इथल्या सर्वांत नामवंत माणसालाही मोजावी लागली. रेल्वेचे अभियंते जॉर्ज स्टीफन्सन यांचा जन्म 1781 साली इथून जवळच्या वायलम गावी झाला. लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेच्या विधेयकासाठी 1825 साली ते संसदीय समितीपुढे साक्षीला उभे राहिले, तेव्हा विरोधी वकिलांनी त्यांच्या सर्वेक्षणातल्या खऱ्याखुऱ्या चुका उघड्या पाडल्याच, शिवाय नॉर्थम्बरलंडी वळणाच्या त्यांच्या बोलण्याचीही तेथे टर उडवली गेली. विधेयक त्या वर्षी नामंजूर झाले, पुढच्या वर्षी मंजूर झाले, आणि 1830 साली तो मार्ग त्याच स्टीफन्सन यांनी पूर्ण करून दाखवला. आकडे चुकले तर जाब विचारणे रास्तच होते. स्वरांचा जाब विचारण्याचे कारण आजही पटत नाही.

स्वतःला शाळा न मिळालेल्या जॉर्ज यांनी मुलगा रॉबर्ट याला न्यूकॅसलच्या खासगी शाळेत घातले होते. हेच रॉबर्ट स्टीफन्सन पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे सल्लागार अभियंता झाले, आणि 1853 साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली ती याच कंपनीची.

आज इथे येणाऱ्याने काय करावे? पुन्हा सांगण्याची विनंती निःसंकोचपणे करावी, कारण इथे कोणी त्याचा राग मानत नाही. मात्र 'जरा सावकाश बोला' म्हटल्याने फारसा उपयोग होत नाही, कारण वेग कमी केला तरी स्वर तेच राहतात. त्यापेक्षा तेच दुसऱ्या शब्दांत सांगायला सुचवावे. कान तयार होतो तो मेट्रोत, मंडईत आणि फुटबॉलच्या गप्पांत तासन् तास नुसते ऐकल्याने.

कान तयार झाल्याची खात्री वाटली की मेट्रोने संडरलंडला जावे. 2002 पासून ही मेट्रो तिथपर्यंत धावते आणि अंतर वीस किलोमीटरच्या आसपास आहे. तिथे 'मेक' आणि 'टेक' यांचे 'मॅक' आणि 'टॅक' होतात, आणि पाहुण्याने कौतुकाने 'तुमची जॉर्डी बोली छान आहे' म्हटले, तर आपण जॉर्डी नसून मॅकम, म्हणजे संडरलंडचे, आहोत, हे त्याला तिथल्या तिथे, एकही शब्द न चुकता समजेल इतक्या स्पष्ट इंग्रजीत ऐकवले जाते.