खरवस चालतो, मग हा चीक का नको?

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय आईच्या दुधातल्या जिवाणूंबद्दल. दचकू नका, दुधात ते असतातच, आणि त्यातले बरेचसे बाळाच्या भल्याचे.

पण आधी नौपाड्यातला किस्सा. माझी मावसबहीण तिथल्या एका छोट्या प्रसूतिगृहात बाळंत झाली, मुलगा झाला. पाठोपाठ कोपरीहून तिच्या सासूबाई हजर. पिशवीत चांदीची वाटी, मधाची बाटली, सोनं उगाळायला सहाण. म्हणाल्या, "पहिलं दूध पिवळं, चिकट, बाळाला बाधतं. पिळून टाक. मी मध चाटवते."

सिस्टर खाटेवरची चादर बदलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आजी, खरवस आवडतो का हो?"

सासूबाई खुलल्या. "न आवडायला काय झालं! दूधवाल्याला सांगून ठेवलंय, गाय व्याली की पहिल्या दिवसाचा चीक आमच्याकडे. गूळ, वेलची, वरून जायफळ..."

"म्हणजे वासराच्या तोंडचा चीक तुम्हाला चालतो, आणि नातवाच्या हक्काचा मोरीत ओतायचा?"

सहाण गुपचूप पिशवीत गेली. मधाची बाटली मात्र सिस्टरांनी ठेवून घेतली, "आमच्या घशाला बरी" म्हणून. आणि हो, चायना ग्रास घालून थिजवतात तो खरवस नव्हे, हे माझं ठाम मत.

तर हा चीक टाकायचा नाही. पुन्हा सांगते, टाकायचा नाही. त्यात रोगांशी लढणारी प्रतिपिंडं ठासून भरलेली असतात. शिवाय दुधात अशा कितीतरी शर्करा असतात, ज्या बाळाला पचतच नाहीत. मग कशाला? तर बिफिडोबॅक्टेरिया नावाच्या जिवाणूंना खाऊ म्हणून. ते आतड्यात आम्ल तयार करतात, जागा अडवतात, जुलाबाच्या जंतूंना थारा मिळत नाही. अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीमध्ये हे जिवाणू पॅरिसचे शास्त्रज्ञ आंरी तिसिए यांना १८९९ सालीच दिसले होते.

म्हणून पहिल्या तासाभरात बाळाला छातीशी घ्या. सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. मध तर वर्षाच्या आत नकोच, त्यातून बॉट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. दूध कमी पडतंय असं वाटलं, तर पावडरचा डबा आणण्याआधी डॉक्टरांना विचारा. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी दुधाची पेढीही असते, म्हणजे इतर आयांनी दान केलेलं दूध साठवून देणारी. सायनच्या रुग्णालयात ती १९८९ पासून आहे, आशियातली पहिली. आणि छातीत गाठ येऊन ताप भरला, तर डॉक्टरांना दाखवा, पण पाजणं आपणहून थांबवू नका.