रोल धुवायला देण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार. कॅमेऱ्यातला रोल संपला की मागचं झाकण उघडायचा मोह होतो. ३५ मिलिमीटरच्या रोलला तो आवरा. ही फिल्म डबीतून निघून पलीकडच्या चाकावर गुंडाळली जाते, आणि झाकण उघडण्याआधी ती परत डबीत जायला हवी. साध्या कॅमेऱ्यात तळाचं छोटं बटण दाबायचं आणि वरची मूठ बाणाच्या दिशेनं फिरवायची. आधी हाताला ताण लागतो, मग मूठ एकदम सैल फिरू लागते. आता उघडा.

१२० चा, म्हणजे जास्त रुंद फिल्मचा, रोल उलटा फिरवायचा नसतो. १९०१ पासून चालत आलेल्या या फिल्मला मागे कागद असतो आणि ती एका रिळावरून दुसऱ्यावर जाते. संपल्यावर कागद घट्ट ओढून टोकाची पट्टी चिकटवा. सैल राहिला तर कडेनं उजेड शिरतो. रिकामं झालेलं रीळ फेकू नका, पुढच्या रोलला तेच लागतं. एका रोलवर किती फोटो बसतील ते कॅमेरा ठरवतो: सहा बाय सहा सेंटिमीटरच्या चौकटीला १२, सहा बाय नऊला ८.

खरी गफलत होते ती धुलाईत. डबीवरची बारीक अक्षरं वाचा, तिथे धुलाईच्या प्रक्रियेचं नाव असतं. सी-४१ म्हणजे रंगीत निगेटिव्ह, ई-६ म्हणजे स्लाइड. स्लाइडची फिल्म सी-४१ मध्ये गेली तर रंग विचित्र येतात, पण चित्र हाती लागतं. काहीजण हौसेनं तसं करतातही. साधी कृष्णधवल फिल्म मात्र त्यात गेली की संपलीच. रंगीत फिल्मचं चित्र रंगद्रव्याचं असतं, म्हणून त्या प्रक्रियेत ब्लीच आणि फिक्सर ही रसायनं मिळून सगळी चांदी काढून टाकतात. कृष्णधवलचं चित्रच चांदीचं! त्यातही इल्फर्डची एक्सपी-२ कृष्णधवल असूनही सी-४१ मध्येच धुतात. तेव्हा नुसतं ‘ब्लॅक अँड व्हाइट’ सांगून भागत नाही, फिल्मचं नाव सांगा.

कृष्णधवल फिल्म घरी धुता येते. डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं रसायन, साधारण २० अंश सेल्सिअसला ठेवतात. वेळ फिल्म आणि डेव्हलपरच्या जोडीनुसार तक्त्यात पाहायची. धुण्याच्या टाकीतलं रीळ, ज्यावर अंधारात फिल्म चढवायची, ते कोरडं ठणठणीत हवं, ओलसर असलं की फिल्म मध्येच अडते आणि अंधारात हात घामेजतात. डेव्हलपर ओतल्याबरोबर टाकी ओट्यावर दोनदा आपटा, नाहीतर बुडबुडे चिकटून निगेटिव्हवर गोल डाग पडतात. डेव्हलपरनंतर चित्र पक्कं करणाऱ्या फिक्सरबद्दल शंका असेल तर फिल्मचं कापलेलं टोक त्यात टाकून ते पारदर्शक व्हायला लागलेला वेळ मोजा आणि पूर्ण फिल्मला त्याच्या दुप्पट वेळ द्या.

फिल्म कोरी निघाली, तर आधी कडेचे आकडे बघा. ते कारखान्यातच छापलेले असतात. आकडे ठळक आणि चौकटी कोऱ्या, तर धुलाई ठीक आहे. फिल्म कॅमेऱ्यात सरकलीच नसेल किंवा शटर उघडलं नसेल. आकडेही नाहीत, तर डेव्हलपर मेलेला होता किंवा फिक्सर आधी ओतला गेला. फिल्म दुधाळ दिसली तर फिक्सिंग अपुरं झालंय. तिला पुन्हा फिक्सरमध्ये घाला आणि नीट धुवा, बहुतेक वेळा ती वाचते.