व्हिसा मिळाल्यानंतरचे प्रश्न

मंडळी, परदेशी जायचे ठरले की सगळा जीव व्हिसात अडकतो. तो हातात पडला की माणूस निर्धास्त होतो आणि बॅगा भरायला घेतो. मला आज बोलायचे आहे ते या निर्धास्त होण्याबद्दल. व्हिसा ही सीमेवर जाऊन प्रवेश मागण्याची परवानगी असते. आत घ्यायचे का आणि किती दिवस राहू द्यायचे, हे तिथला इमिग्रेशन अधिकारी ठरवतो. अमेरिकेच्या व्हिसावर पुढच्या कित्येक वर्षांनंतरची तारीख असू शकते, पण त्या खेपेला किती दिवस राहायचे ते आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीवरच्या तारखेने ठरते. या दोन तारखांची गल्लत करून मुक्काम लांबवला, तर पुढचे व्हिसेही अडतात.

म्हणून माझे सांगणे असे, की फाइलमधला प्रत्येक कागद हातात घ्या आणि विचारा: हा माझ्याकडे कोण मागणार आहे, आणि त्याला यातून काय ताडून पाहायचे आहे?

प्रवासाच्या दिवशी पहिल्यांदा मागतो तो विमान कंपनीच्या काउंटरवरचा कर्मचारी. प्रवाशाला सीमेवर प्रवेश नाकारला, तर त्याला परत नेण्याची जबाबदारी कंपनीवर येते. अनेक देश कंपनीला दंडही करतात. त्यामुळे कर्मचारी ‘टिमॅटिक’ नावाच्या माहितीसंचात तुमचा मार्ग आणि पासपोर्ट तपासतो. नियमात बसत नसाल, तर बोर्डिंग पास मिळत नाही. त्या माणसाशी वाद घालून काही हाती लागत नाही, कारण नियम त्याने केलेला नसतो आणि मोडण्याचा अधिकारही त्याला नसतो.

तो काय बघतो? आधी पासपोर्टची मुदत. बरेच देश सहा महिने शिल्लक मागतात. एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या शेंगेन देशांचा नियम वेगळा आहे: तिथून निघण्याच्या दिवसानंतर किमान ३ महिने मुदत हवी आणि पासपोर्ट गेल्या १० वर्षांत दिलेला हवा. मग नाव. पासपोर्टवर जसे आहे तसेच ते तिकिटावर हवे. शेवटी मधला थांबा. दोन स्वतंत्र तिकिटे काढलेली असतील, तर मधल्या विमानतळावर सामान उचलून पुन्हा चेक-इन करावे लागू शकते. त्यासाठी त्या देशात रीतसर प्रवेश करावा लागतो आणि त्याचाही व्हिसा लागू शकतो. स्वस्त पडलेले तिकीट इथे महाग ठरते.

व्हिसा अधिकाऱ्याचे प्रश्न निराळे असतात. हा कशासाठी येतोय, खर्च कुठून करणार आणि परत जाणार का? अर्ज, रजेचे पत्र, हॉटेलचे बुकिंग आणि बँकेचे स्टेटमेंट हे सगळे एकच हकिकत सांगत असतील, तर त्याचे काम सोपे होते. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात एकदम मोठी रक्कम आली, की तिचे स्पष्टीकरण द्यावे लागते. ते खरे असेल तर मोकळेपणाने लिहून द्या. खोटा कागद मात्र कुणी कितीही खात्रीने दिला तरी जोडू नका. एक अर्ज फेटाळला गेला तर पुन्हा करता येतो, पण फसवणुकीचा शिक्का बसला की काही देश वर्षानुवर्षे दार बंद ठेवतात.

शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. ३०,००० युरोंचे वैद्यकीय विमासंरक्षण सक्तीचे आहे. मूल आई किंवा वडील यांपैकी एकाबरोबरच जात असेल, तर दुसऱ्याचे संमतिपत्र जवळ ठेवा, कारण मुलांना पळवून नेले जाऊ नये म्हणून सीमेवर ते विचारले जाते. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी जाणाऱ्यांना प्रमाणपत्रांवर अपोस्टील, म्हणजे परदेशात चालणारे सरकारी साक्षांकन, लागू शकते. ही सोय १९६१च्या हेग कराराने झाली. कराराबाहेरच्या देशांसाठी दूतावासाकडून साक्षांकन करून घ्यावे लागते आणि त्याला वेळ लागतो.

आता आरोग्याकडे येतो. इथे सविस्तर बोलणार आहे, कारण व्हिसाच्या खिडकीवर याची आठवण बहुधा कुणी करून देत नाही.

पीतज्वर, म्हणजे यलो फीवर, हा आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण भागांतला, डासांमुळे पसरणारा रोग. आशियात हा रोग नाही, पण तो पसरवणारा एडिस डास मुबलक आहे. एक बाधित प्रवासी आला आणि त्याला इथला डास चावला, तर साथ सुरू होऊ शकते. म्हणून पुष्कळ देश लसीचे प्रमाणपत्र मागतात ते रोग असलेल्या देशातून येणाऱ्याकडे. लोक नेमके इथे फसतात. जाताना कुणी विचारले नाही म्हणून ते निश्चिंत असतात, आणि परतताना किंवा तिसऱ्या देशात उतरताना अडतात. आदिस अबाबा किंवा नैरोबीत नुसते विमान बदललेले असले, तरी थांबा १२ तासांपेक्षा मोठा असेल तर हा प्रश्न येऊ शकतो. प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवले जाऊ शकते, कारण लागण झाल्यावर लक्षणे दिसायला साधारण तेवढा काळ जातो.

लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून प्रमाणपत्र ग्राह्य धरतात. आदल्या आठवड्यात धावपळ करून घेतलेली लस कागदावर चालत नाही, ती यामुळे. ११ जुलै २०१६ पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभर चालते. जुन्या कार्डावर दहा वर्षांची मुदत छापलेली असली तरी तेही चालते, म्हणून ते जपून ठेवा. लस सरकारने नेमलेल्या केंद्रातच घ्यायची. ती जिवंत विषाणूची असल्यामुळे प्रतिकारशक्ती कमी असलेले, गरोदर स्त्रिया, ९ महिन्यांखालची बाळे, अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेले आणि साठीपुढचे, या सर्वांनी आधी डॉक्टरांशी बोललेच पाहिजे. लस देता येत नसेल तर डॉक्टर तसे लेखी देतात. ते मानायचे की नाही, हे तो देश ठरवतो.

हज आणि उमरासाठी सौदी अरेबिया मेनिंजायटिसच्या (मेंदूच्या आवरणाच्या संसर्गाच्या) चार प्रकारच्या जंतूंवर चालणाऱ्या लसीचे प्रमाणपत्र मागते. ती पोहोचण्याच्या किमान १० दिवस आधी घेतलेली हवी. पोलिओचा विषाणू फिरत असलेल्या देशात चार आठवड्यांहून अधिक राहिलात, तर तिथून निघतानाही डोसचा पुरावा लागू शकतो.

रोजच्या औषधांचाही विचार करा. कोडीन आणि ट्रॅमाडॉल ही वेदनाशामके असलेली औषधे काही देशांत पूर्वपरवानगीशिवाय नेता येत नाहीत. जपानमध्ये सर्दीच्या औषधातल्या स्यूडोएफेड्रीनच्या प्रमाणावरही बंधन आहे. औषधे मूळ वेष्टनात ठेवा. मूळ रसायनाचे नाव लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर घ्या. आणि गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवा. चेक-इनचे सामान हरवले तर डोस चुकता कामा नये.

राहिला मलेरिया. त्याचे प्रमाणपत्र कोणताही अधिकारी मागत नाही, आणि म्हणून मला त्याचीच जास्त काळजी वाटते. मलेरियाच्या भागात जाणार असाल तर चार ते सहा आठवडे आधी प्रवासवैद्यकाच्या दवाखान्यात जा आणि प्रतिबंधक गोळ्यांबद्दल विचारा. परतल्यावर गोळ्या लगेच सोडायच्या नसतात. डॉक्सिसायक्लिन हे त्यातले एक औषध पुढे चार आठवडे घ्यावे लागते, कारण मलेरियाचा परजीवी आधी यकृतात दडतो आणि नंतर रक्तात उतरतो. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल हे दुसरे औषध यकृतातल्या परजीवीवरही काम करते, म्हणून ते सात दिवस पुरते. परतल्यानंतरच्या महिन्यांत ताप आला, तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की तुम्ही कुठे जाऊन आलात. फाल्सिपेरम हा मलेरियाचा घातक प्रकार हाताबाहेर जायला एखाद-दोन दिवस पुरतात, आणि तुम्ही सांगितल्याशिवाय मलेरियाची तपासणी करायची हे डॉक्टरांना सुचेलच असे नाही.