तापीच्या दोन्ही काठांवर एकच पट

(दृश्य: रविवारची संध्याकाळ, जळगावचं बसस्थानक. शाळकरी मुलं, पाठीवर दप्तरं, काखेत गुंडाळलेले पट.)

स्पर्धा संपली की मुलं पांगतात. चोपड्याची गाडी एका फलाटावर, पाचोऱ्याची दुसऱ्या. शहाद्याच्या मुलांना घरी पोचायला रात्रच होणार. आणि बुद्धिबळ शिकण्याच्या दृष्टीने दिवसातली सगळ्यात मोलाची वेळ नेमकी हीच असते. डाव नुकताच संपलाय. अठराव्या चालीला घोडा मागे का घेतला, तेव्हा कसली भीती वाटली, हे मुलाला अजून लख्ख आठवतंय. दोन्ही खेळाडूंनी समोरासमोर बसून डाव पुन्हा मांडायचा, एकमेकांना विचारायचं, हुज्जत घालायची, ही या खेळातली जुनी रीत. खेळ खरा उमगतो तो तिथे. पण कंडक्टरने घंटी दिली की हुज्जत थांबते. डावाची नोंद केलेला कागद दप्तरात जातो आणि बहुतेक वेळा तिथेच चुरगळतो.

ही हुज्जत घरी पोचल्यावरही चालू ठेवणारी काही माणसं खानदेशात आहेत. त्यांच्यातल्या एका गटाची ही गोष्ट.

(दृश्य: अमळनेर तालुक्यातलं गाव. ओसरीच्या कोपऱ्यात कापसाचा ढीग. रात्रीची वेळ, लॅपटॉपचा उजेड.)

या गटाचे सर शाळेत गणित शिकवतात. रात्री जेवणं आटोपली की ते ओसरीवर लॅपटॉप उघडतात आणि गटातल्या मुलांना एक लिंक पाठवतात. रावेरकडे केळीच्या पट्ट्यात एक मुलगा वडिलांचा मोबाईल घेऊन बसलेला असतो. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत दोघी बहिणी एका जुन्या संगणकासमोर. शहाद्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, एक मुलगी गच्चीवर जाते, कारण खाली रेंज मिळत नाही. लिंक उघडली की सगळ्यांसमोर एकच पट येतो. सरांनी अमळनेरात प्यादं सरकवलं की ते रावेरलाही सरकतं.

आवाजासाठी साधा फोन, स्पीकरवर. त्या फोनवर अहिराणी, मराठी, मध्येच हिंदी, सगळं चालतं.

“तुन्हा वजीर कोठे शे?”

“आठेच शे, सर.”

“मग घोडा तठे काबर ठेवा?”

पटावर उत्तर उमटतं. मुलीने घोड्यापासून काळ्या हत्तीपर्यंत एक हिरवा बाण ओढलाय. तिला हत्ती मारायचा होता. तिने तोंडाने काहीच सांगितलं नाही, तरी तिच्या मनातला बेत सगळ्यांना दिसला. ज्याने कधी मुलांना शिकवलंय त्याला या बाणाची किंमत कळेल. लाजणारं मूल वर्गात हात वर करत नाही, पण बाण ओढतं.

(दृश्य: पडद्यावर पट. डाव्या बाजूला प्रकरणांची यादी.)

सर वापरतात ती सोय लिचेस या संकेतस्थळावरची. तिबो द्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रॅमरने ते २०१० मध्ये सुरू केलं. ते देणग्यांवर चालतं. जाहिरात नाही, वर्गणी नाही, आणि त्याचा सगळा प्रोग्रॅम कुणालाही उघडून पाहता येतो. एकत्र शिकण्याचे असे पट इतर ठिकाणीही आहेत, चेस डॉट कॉमवरही आहेत. पण कापसाचा भाव पडलेल्या वर्षी घरात महिन्याच्या वर्गणीचा विषयही काढता येत नाही, म्हणून सरांनी हे निवडलं.

लिचेसवर अशा पटाला ‘स्टडी’ म्हणतात. ती सगळ्यांनी मिळून लिहायची एक वही आहे असं समजा. एका स्टडीत ६४ पर्यंत प्रकरणं मावतात, पटावरच्या घरांइतकीच. प्रत्येक प्रकरणात एक डाव किंवा एक स्थिती. वहीत कुणी लिहायचं आणि कुणी नुसतं बघायचं, हे वही उघडणारा ठरवतो. सर सुरुवातीला सगळ्यांना बघायला बसवतात आणि मग एकेकाला लिहिण्याचा हक्क देतात. ज्याच्याकडे हक्क, त्याने चाल करून दाखवायची. दुसऱ्याला वेगळी चाल सुचली तर पहिली खोडायची गरज नाही. तिथूनच नवा फाटा फुटतो आणि दोन्ही चाली वहीत राहतात. चुकलेली चालसुद्धा राहते, आणि ती राहावी असा सरांचा आग्रह असतो.

वही फक्त बोलावलेल्यांसाठी बंद ठेवता येते. मुलांच्या खात्यावर लहान मुलांसाठीचा मोड सुरू केला की अनोळखी माणसाशी गप्पा, निरोप, सगळं बंद होतं. पालकांच्या पहिल्या बैठकीत सर आधी हे दाखवतात, खेळ नंतर.

आता रेंजचं. सातपुड्याच्या कडेला व्हिडिओ अडकतो, चेहरे थिजतात, आवाज तुटतो. पट मात्र चालतो. पडद्यावर पट मोठा दिसला, तरी तारेतून जाते ती फक्त चाल, म्हणजे मोजून चार-पाच अक्षरं. डाव साध्या मजकुरात लिहिण्याची पीजीएन ही पद्धत स्टीव्हन एडवर्ड्स यांनी १९९३ मध्ये मांडली, आणि आजही बहुतेक सगळे बुद्धिबळाचे प्रोग्रॅम ती वाचतात. त्यामुळे मुलाने स्पर्धेतला कागद बघून डाव एकदा टाइप केला की तो व्हॉट्सॲपच्या एका निरोपात मावतो, वहीत जातो आणि दहा वर्षांनीही उघडेल. बुद्धिबळ दूरवरून खेळायला मुळात फार थोडं लागतं. १८२४ ते १८२८ या काळात लंडन आणि एडिंबरा या दोन शहरांचे क्लब टपालाने एकमेकांशी खेळले. एडिंबरा जिंकलं, आणि त्या सामन्यातल्या डाव सुरू करण्याच्या एका रीतीला आजही ‘स्कॉच’ म्हणतात. पत्र जाऊन उत्तर येईपर्यंत तेव्हा दिवस जात. शहाद्याची चाल अमळनेरला पोचायला आता श्वास घेण्याइतकाही वेळ लागत नाही.

तरी जोडणी तुटते, ती मोठ्यांचीही तुटते. ३० ऑगस्ट २०२० ला ऑनलाइन ऑलिंपियाडच्या अंतिम लढतीत भारत रशियाविरुद्ध खेळत होता. भारताचा कर्णधार होता आपल्या शेजारच्या नाशिकचा विदित गुजराथी. इंटरनेट कोसळलं आणि निहाल सरीन व नागपूरची दिव्या देशमुख घड्याळातला वेळ संपल्याने हरले. भारताने दाद मागितली आणि शेवटी दोन्ही देशांना सुवर्णपदक मिळालं. तीच दिव्या २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. गच्चीवरच्या मुलीची रेंज गेली आणि ती रडवेली झाली, की सर तिला हा प्रसंग सांगतात.

(दृश्य: पटावर फक्त चार सोंगट्या.)

आज रात्रीचा धडा. ही स्थिती बुद्धिबळपटू रिचर्ड रेटी यांनी १९२१ मध्ये रचली. पटाच्या उभ्या ओळींना डावीकडून ए ते एच अशी अक्षरं, आडव्या ओळींना पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८ असे आकडे; दोन्ही मिळून घराचं नाव. पांढरा राजा एच८ वर, पार कोपऱ्यात. त्याचं एकुलतं एक प्यादं सी६ वर. काळा राजा ए६ वर. काळं प्यादं एच५ वर, खाली एच१ गाठून वजीर व्हायला निघालेलं. चाल पांढऱ्याची, आणि डाव बरोबरीत सोडवायचा आहे.

पाहिल्याबरोबर वाटतं, शक्यच नाही. काळं प्यादं पांढऱ्या राजाच्या तावडीतून निसटलंय. आपलं प्यादं पुढे ढकलावं, तर काळा राजा दोन पावलांवर बसलाय.

रावेरच्या मुलाला लिहिण्याचा हक्क मिळतो. तो राजाला सरळ खाली पळवतो, एच७, मग एच६. काळं प्यादं तेवढीच घरं पुढे सरकतं. अंतर जसंच्या तसं. सर काही बोलत नाहीत, त्या मार्गावर फक्त एक लाल बाण ओढून ठेवतात. मग भुसावळची धाकटी बहीण प्यादं सी७ ला ढकलते. काळा राजा बी७ वर येतो आणि पुढच्या चालीत प्यादं गिळतो. हाही फाटा वहीत राहतो.

फोनवर बराच वेळ कुणी बोलत नाही. मग गच्चीवरून आवाज येतो, “सर, तिरपं जाऊ का?”

राजा जी७ वर. काळं प्यादं एच४. राजा एफ६ वर.

इथे सर थांबवतात. आता काळ्याने काय करावं? प्यादं एच३ ला नेलं तर पांढरा राजा ई७ वरून आपल्या प्याद्याच्या मदतीला पोचतो, आणि काळ्याचा वजीर झाला की लगेच पांढऱ्याचाही होतो. म्हणून काळा राजा बी६ वर येऊन पांढऱ्या प्याद्यावर हल्ला करतो. तेव्हा पांढरा राजा ई५ वर जातो. हे घर बघा. सर तिथून दोन हिरवे बाण ओढतात, एक एफ४ कडे, एक डी६ कडे. काळ्याने प्यादं मारलं, तर राजा एफ४ वरून काळ्या प्याद्याला गाठतो. काळ्याने प्यादं पळवलं, तर राजा डी६ वर जाऊन आपल्या प्याद्याला हात देतो. दोन कामं, एकच रस्ता. काळा कोणतंही एकच अडवू शकतो.

हे घडतं कारण पटावरची भूमिती आपल्या शेतासारखी चालत नाही. शेतात एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तिरपं गेलं, तर एका बांधाने सरळ जाण्यापेक्षा वाट लांब पडते. राजाला एच८ वरून सरळ एच५ ला जायला तीन चाली लागतात, आणि तिरपं ई५ ला जायलाही तीनच. सर गणिताचे शिक्षक. त्यांचा आवाज इथे जरा चढतो, आणि तो चढावाच. पन्नास वेळा फळ्यावर लिहून जे ठसलं नसतं, ते मुलांनी स्वतःच्या बोटाने, आपापल्या घरी बसून, एकमेकांच्या चुका समोर ठेवून शोधलं.

(दृश्य: लॅपटॉपच्या कोपऱ्यातलं एक बटण. बंद.)

हे बटण म्हणजे स्टॉकफिश. जगातल्या सगळ्यात बलवान बुद्धिबळ प्रोग्रॅमांपैकी एक, तोही फुकट. ते दाबलं असतं तर पहिल्याच क्षणी राजाचं तिरपं पाऊल पडद्यावर आलं असतं. सात किंवा त्याहून कमी सोंगट्या उरल्या की लिचेसवर त्या स्थितीचं अचूक, शेवटचं उत्तरच मिळतं. म्हणून सर वहीच्या सेटिंगमध्ये जाऊन संगणकाचं विश्लेषण सगळ्यांसाठी बंद करून ठेवतात. आधी प्रत्येक चालीखाली दोन ओळी लिहायच्या: ही चाल का केली, प्रतिस्पर्ध्याची कोणती चाल नको होती. सगळ्यांचं लिहून झालं की बटण सुरू.

माझ्या मते या साऱ्या पद्धतीचा जीव या क्रमात आहे. कोण किती पुढे आहे हे सांगणारा संगणकाचा आकडा आधी दिसला की मूल विचार करायचं थांबतं. ‘अधिक दीड’ असं दिसलं की ते मान डोलावतं, पण अधिक कशामुळे ते त्याला सांगता येत नाही. दोन ओळी लिहिलेलं मूल संगणकाशी भांडतं. ते भांडण बघण्यासारखं असतं. “मला उंट जायची भीती होती, हा तर उंट देऊनच टाकतोय!” असं म्हणून भुसावळची थोरली बहीण एकाच स्थितीवर अर्धा तास अडून बसली होती. चालू डावात मदत घेतली तर ती लबाडी, हेही सर याच बटणापाशी शिकवतात, कारण मोह तिथेच असतो.

(दृश्य: मोबाईल शेजारी, खाली सतरंजीवर लाकडी सोंगट्या.)

मोबाईलवर एक घर नखाएवढं दिसतं. म्हणून प्रत्येकाने शेजारी खरा पट मांडायचा आणि पडद्यावरची चाल हाताने करायची, हा नियम आहे. स्पर्धेत समोर लाकडी किंवा प्लॅस्टिकचा पट असणार, सोंगटीला हात लावला की ती हलवावी लागणार. ज्याच्याकडे पट नव्हता त्याने पुठ्ठ्यावर चौकटी आखल्या आणि बाटल्यांच्या झाकणांवर ह, घ, उ लिहिलं. तोही पट चालतो.

धडा संपल्यावर सर त्याच प्रकरणाची एक प्रत करतात आणि तिला सरावाचा धडा बनवतात. आता पुढच्या चाली झाकलेल्या. मुलाने उघडलं की फक्त स्थिती दिसते. चुकीची चाल केली की सरांनी आधीच लिहून ठेवलेली ओळ येते: “काळं प्यादं किती चालींत वजीर होईल? मोज.” मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या आसपास गेला की दुपारी बाहेर पडायची सोय नसते. तेव्हा मुलं अंधाऱ्या खोलीत पंख्याखाली बसून हे धडे सोडवतात. सर त्या वेळी शेतात किंवा झोपलेले असले तरी चालतं.

आज मात्र कुणी लवकर उठायला तयार नाही. गच्चीवरच्या मुलीला प्रश्न पडलाय. काळं प्यादं सुरुवातीलाच एच४ वर असतं तर? एकच घर पुढे?

सर बटणाकडे हात नेत नाहीत. ते तिला लिहिण्याचा हक्क देतात. ती नवं प्रकरण उघडते, प्यादं एक घर खाली ठेवते आणि चाली करायला लागते. राजा जी७, प्यादं एच३. राजा एफ६, प्यादं एच२. आता राजा ई७ वर नेला तर काळ्याचा वजीर होतो, आणि पांढरं प्यादं अजून सी६ वरच आहे. तिने आधी सी७ करून पाहिलं, तर काळा राजा बी७ वर हजर. रावेरचा मुलगा आणखी एक फाटा काढतो, भुसावळहून तिसरा येतो. प्रत्येक फाट्यात पांढरा एका चालीने मागे पडतो.

“हरस ना, सर,” ती म्हणते, आणि प्रकरणाखाली टाइप करते: पांढरा हरतो. कारण एच४ वरून प्याद्याला तीनच चाली लागतात, राजाला ई७ गाठायलाही तीन लागतात, पण प्याद्याला मदत करायला चौथी हवी.

मग ती सरांना बटण सुरू करायला सांगते.