जुनी छोटी गाडी घेताय? आधी बॉनेटवर हात ठेवा

नमस्कार! जुनी गाडी बघायला गेलात की मालकाशी बोलणं सुरू करायच्या आधी एक करा. असा, बॉनेटवर तळहात ठेवा. बॉनेट कोमट लागलं, तर गाडी तुमच्यासाठी आधीच सुरू करून ठेवली होती. मग घाई करू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी परत या. गरम इंजिनाची बरीचशी दुखणी झाकलेली राहतात. रात्रभर थंड पडलेलं इंजिन पहिल्या अर्ध्या मिनिटात सगळं बोलून टाकतं. मी फोनवरच सांगून ठेवते, "मी येईपर्यंत चावी फिरवू नका."

इंजिन थंड आहे तोवर रेडिएटरचं झाकण उघडून बघा. थंड असतानाच हं! गरम इंजिनात कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, दाबाखाली असतं. झाकण सैल झालं की उकळतं पाणी थेट अंगावर येतं. आत रंगीत, स्वच्छ कूलंट दिसायला हवं. गढूळ, तांबूस पाणी दिसलं तर कुणीतरी कितीतरी दिवस नुसतं पाणी ओतत आलंय, आणि आतून गंज चढलाय. वर तेलाचा तवंग असेल तर प्रकरण गंभीर आहे. मग ऑइल भरायचं झाकण काढा. त्याच्या खालच्या बाजूला दुधाच्या सायीसारखा थर असेल तर ऑइलमध्ये पाणी जातंय. गाडी फक्त जवळच्या जवळ चालत असेल तर दमटपणामुळेही थोडी साय धरते, म्हणून डिपस्टिकही, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची पट्टीही, बघा. तिथलं ऑइलही दुधाळ असेल, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग, गेल्याची दाट शक्यता आहे. अशी गाडी मी सोडून देते.

आता दुसऱ्या कुणाला तरी चावी फिरवायला सांगा आणि तुम्ही मागे, सायलेन्सरच्या जरा बाजूला उभे राहा. थंड हवेत पांढरी वाफ येते आणि थोड्या वेळात विरते, तिची काळजी नको. पण दाट पांढरा धूर येतच राहिला आणि त्याला गोडसर वास असेल, तर आत कूलंट जळतंय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. तो सुरू करताना क्षणभर येऊन थांबला, तर बहुधा व्हॉल्व्हची सीलं कडक झालीत, आणि ऑइलवर नजर ठेवून अशी गाडी बराच काळ चालवता येते. पण ॲक्सिलरेटर दिला की दर वेळी निळा धूर येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्याची शंका घ्या. त्यासाठी इंजिन खोलावं लागतं. काळ्या धुराची मला एवढी भीती वाटत नाही. पेट्रोल गाडीत तो इंधन जास्त जात असल्याची खूण आहे, आणि बऱ्याचदा एअर फिल्टर किंवा एखादा सेन्सर बदलून भागतं.

इंजिनाबद्दल एवढं बोलले, पण खरं सांगू? मला इंजिनापेक्षा गंजाची जास्त धास्ती असते. या छोट्या गाड्यांना वेगळी चेसिस नसते, पत्र्याची बॉडी हाच त्यांचा सांगाडा. इंजिन बदलता येतं. सांगाडा कुजला की गाडी संपली. दाराखालची पट्टी, जॅक लावायची जागा, पुढच्या शॉक ॲब्सॉर्बरचं वरचं टोक जिथे बोल्टने बसतं तो भाग, हे बोटांनी दाबून बघा. डिकीतली चटई उचला, स्टेपनी बाहेर काढा आणि तिच्या खड्ड्यात पाणी साचल्याच्या खुणा शोधा. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवा. मध्येच कुठे ते चिकटेनासं झालं, तर रंगाखाली जाड पुट्टी आहे. बंपर प्लॅस्टिकचा असतो, तिथे ते चिकटणारच नाही.

मीटरवरच्या किलोमीटरवर फार विसंबू नका, मीटर मागे फिरवता येतो. ब्रेक आणि क्लचच्या पेडलवरचं रबर बघा. आकडा कमी आणि रबर गुळगुळीत, तर काहीतरी जुळत नाहीये. टायरच्या बाजूला डॉट (DOT) या अक्षरांनंतर येणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी वर्षानुवर्षं उभ्या गाडीचं रबर कडक होऊन तडकतं. आणि टायर एकाच कडेला झिजला असेल तर अलाइनमेंट किंवा सस्पेन्शनचं काम आहे. मोकळ्या जागेत स्टीअरिंग पूर्ण वळवून हळू चालवा. पुढच्या चाकाकडून टक-टक-टक आवाज आला, तर ॲक्सलचा जॉइंट गेलाय.

गाडी घेतली. आता बहुतेक जण म्युझिक सिस्टीमकडे आणि सीट कव्हरकडे वळतात. त्यांना मी कळकळीने सांगते, आधी टायमिंग बेल्ट बघा, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची चाल जुळवून ठेवणारा पट्टा. तुमच्या इंजिनाला बेल्ट आहे की चेन, हे मॅन्युअलमध्ये सापडेल. बेल्ट असेल आणि तो कधी बदलला याचा कागद नसेल, तर बदललेलाच नाही असं धरून चाला. कित्येक इंजिनांमध्ये हा बेल्ट तुटला की उघडे राहिलेले व्हॉल्व्ह थेट पिस्टनवर आपटतात आणि एका क्षणात इंजिन जातं. वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही त्याच वेळी बदला, मजुरी दोनदा पडत नाही.

त्यानंतर होज पाइप, थर्मोस्टॅट, नवीन कूलंट. माझ्या पहिल्या जुन्या गाडीचा एक होज फुगलेला मला दिसला होता, आणि मी तो पुढच्या महिन्यावर ढकलला. तो रस्त्यात फुटला. तापमानाचा काटा लाल पट्टीत गेल्यावरही मी "थोडंच राहिलंय" म्हणून गाडी चालवली. ॲल्युमिनियमचं हेड वाकलं. एका रबरी नळीपायी! काटा वर गेला की बाजूला घ्या, इंजिन बंद करा, आणि ते पूर्ण निवेपर्यंत झाकणाला हात लावू नका.

ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषून घेतं. नवीन डॉट ४ फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पण त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरलं की तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. लांब उतारावर ब्रेक तापले की त्या फ्लुइडची वाफ होते आणि पेडल पायाखाली मऊ पडतं. म्हणून जुन्या गाडीचं फ्लुइड लगेच बदला, पॅड आणि लायनरही तेव्हाच बघून घ्या. प्लग, फिल्टर, इंजिन ऑइल ही नेहमीची कामं, ती होतातच.

दुरुस्ती मात्र एका वेळी एकच करा. गाडी मिसिंग करतेय, म्हणजे इंजिन मध्येच अडखळतंय, म्हणून प्लग, कॉइल, इंजेक्टर सगळं एकदम बदललं, तर नेमकं काय बिघडलं होतं ते कधीच कळणार नाही.

ही माझी वही. गाडी घेतल्यावर पहिले हजार किलोमीटर मी दर आठवड्याला एकदा, सपाट जागी, थंड इंजिनावर ऑइलची पातळी बघते आणि तारीख, किलोमीटर, पातळी लिहून ठेवते. तीन-चार नोंदी झाल्या की गाडी ऑइल पितेय का आणि किती, ते समोर येतं. या गाडीची आजची नोंद राहिलीय. कॅमेरा इकडे घ्या, बॉनेट उघडते.